सावळाराम पेंटरची पक्की भिंत

“निघंना गं आक्का.”

“कसा निघंल? तूच म्हणाला व्हतास, माज्या मागं बी ऱ्हाईल त्यो रंग.”

“म्हणालो व्हतो.”

“मंग आता कशाला खरवडतोस त्येला? ऱ्हाऊं दे की माज्या मागं.”

हातातली लोखंडी पत्ती सावळारामनं पुन्हा भिंतीला लावली आणि अंगठ्याचा जोर दिला. पत्ती रंगाखाली शिरली, पापुद्रा सुटला, आणि त्याच्या पाठीला धरून दोन बोटं जाडीची माती खाली आली. रंग मात्र अखंड. कुठं फाटला नाही, तुटला नाही. मेलेल्या जनावराचं कातडं सोलावं तसा तो हातात लोंबत राहिला, हरभऱ्याच्या डाळीच्या रंगाचा, मागून मातीनं माखलेला.

सावळारामनं ती माती चिमटीत धरून चुरली. चुरली कसली, दाबली. तिचा गोळा झाला. वैशाखाचं ऊन पडलेलं, समोरच्या डोंगरावर गवताची काडी हिरवी दिसत नव्हती, विहिरीचा तळ लागायला आलेला, आणि ह्या भिंतीच्या पोटातली माती अजून ओली. बिनउन्हाच्या गोधडीसारखा कुबट वास मारत होती.

बाळाबाई, त्याची आक्का, ओट्यावर बसून चिंचोके काढत होती. रस्त्यानं धनाजी चालला होता, वस्तीतलाच, खांद्यावर पाण्याचा पाईप. तो थांबला.

“काय पेंटर, उलटं काम धरलं का औंदा? लोकं रंग चढिवत्यात, तुमी उतरिवताय.”

“माजं म्हातारपण उतरीव म्हणलं व्हतं म्या,” बाळाबाई म्हणाली. “त्येला कमी ऐकू येतंय. रंगच उतरिवतोय.”

धनाजी हसला, बाळाबाईही हसली. सावळाराम हसला नाही. हसण्याजोगं त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं. बाळाबाईच्या घराच्या चार भिंतींतली मावळतीची भिंत गेल्या श्रावणात पडली होती. तिथं आता पत्रे उभे केले होते. राहिलेल्या तीन भिंतींवरचा रंग निघाला, माती उघडी झाली, उन्हानं सुकली, तर कोंडिबा गवंडी पडलेली भिंत पुन्हा उभी करून देणार होता. नाही निघाला तर घर गेलं. मग बाळाबाईला गाव सोडून लेकाकडं, कात्रजच्या खोलीत जाऊन राहावं लागणार होतं. आणि ती भिंत पडली होती सावळारामच्या रंगानं. दुसऱ्या कुणाच्या नाही.

सावळाराम मूळचा ह्याच खोऱ्यातला. वेल्ह्याच्या पुढं, घाटमाथ्याकडं, जिथं एसटी दिवसातनं एकदा तोंड दाखवून माघारी पळते, तिथली पलीकडची वस्ती त्याची. त्याचा जन्म कुडाच्या घरातला. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि वरनं शेण-माती लिंपायची. पावसाळ्यात शेण धुऊन जायचं, काठ्या उघड्या पडायच्या. घरात दिवा लावला की बाहेरनं घर चाळणीसारखं दिसायचं. वाऱ्यानं झोप लागायची नाही, आणि पाठ टेकली तर कूड पाठीबरोबर मागं जायचा. असल्या घरातनं थोरली बहीण बाळाबाई ह्या घरात आली. हे घर भेंड्यांचं होतं. भेंडा म्हणजे मातीची, न भाजलेली, उन्हात वाळवलेली हातभर वीट. भिंत अशी जाड की खिडकीत माणूस मांडी घालून बसावा. लग्न ठरलं तेव्हा सावळारामच्या बापानं अख्ख्या भावकीला सांगितलं होतं, “लेक पक्क्या भिंतीच्या घरात दिली.”

त्या खोऱ्यात भाषाच तशी. कुडाचं घर ते कच्चं, भेंड्याचं घर ते पक्कं. सावळाराम पहिल्यांदा बहिणीकडं राहायला आला, भिंतीला पाठ लावून बसला आणि भिंत हलली नाही, त्या दिवशी ‘पक्की’ ह्या शब्दाचा अर्थ त्याच्या पाठीनं शिकला. पाठीनं शिकलेलं डोकं सहजी विसरत नाही.

पुढं तो आधी भोरला, मग नसरापूरला आला. चुना मारायचा. चुन्यात डिंक घालायचा, नाहीतर सरस, तरी पाठ टेकली की पाठीवर चुना. लग्नघरात पाहुणे भिंतीला टेकून बसायचे आणि उठले की सगळ्यांच्या पाठी एका माळेच्या. मग डिस्टेंपर आला. तो चुन्याच्या वरचढ, पण दोन वर्षांत त्याचीही भुकटी. मग ऑइलपेंट. तो टिकायचा, पण माणसाला खायचा. टर्पेंटाईनच्या वासानं दुपारची भाकरी गोड लागायची नाही. हात रॉकेलनं धुवायचे, मग साबणानं, तरी बायको म्हणायची, तुमी कोपऱ्यावर आला की घरात कळतंय. बंद खोलीत दारं रंगवून रंगवून त्याच्या छातीत जो खोकला बसला, तो अजून उठलेला नाही. जोडीचे दोघे त्याच खोकल्यानं गेले असं तो म्हणतो. डॉक्टर म्हणाले बिडीनं गेले. दोन्ही खरं असेल.

म्हणून नसरापूरच्या दुकानात पाण्यात कालवायचा नवा रंग आला तेव्हा सावळारामला तो रंग नव्हे, सुटका वाटली. वास नाही. हात साध्या पाण्यानं धुवावे. आणि टिकतो म्हणतात. पण पाण्यातला रंग टिकतो कसा? जो पाण्यात विरघळला तो पाण्यानं जाणारच, चुना नाही का जात? हे त्याला पटेना.

एक दिवस दुकानदारानं सगळ्या पेंटरांना चहाला बोलावलं. रंगाच्या कंपनीची एक पोरगी आली होती, स्नेहल नावाची. कोरडी हुशारी नव्हती तिच्याजवळ, बोलायला मोकळी. तिनं बाकावर दोन काचा ठेवल्या. दोन्हीवर रंगाचा एकेक वाळलेला पट्टा.

“काका, हा स्वस्तातला. ओलं बोट फिरवा.”

सावळारामनं फिरवलं. बोट पांढरं झालं.

“आता ह्याच्यावर.”

बोट कोरडंठाक राहिलं. स्नेहलनं नखानं त्या पट्ट्याचं टोक उचललं आणि ओढलं. पट्टा काचेवरनं रबरासारखा उठला. दोन्ही हातांत धरून तिनं तो ताणला. ताणला गेला, सोडला तसा माघारी आला.

“अगं बया,” कुणीतरी मागनं म्हणालं, “ह्यो रंग हाय का चड्डीची नाडी?”

हशा झाला. स्नेहलही हसली. मग तिनं समजावून सांगितलं. ह्या रंगातला टिकवणारा माल म्हणजे पॉलिमर. तो पाण्यात विरघळलेला नसतोच. दुधात लोण्याचे कण असतात तसे त्याचे डोळ्याला न दिसणारे गोळे पाण्यात नुसते तरंगत असतात. रंग भिंतीला लागला की पाणी उडून जातं. गोळे जवळ जवळ येतात, एकमेकांत दबतात, आणि शेवटी गोळा असा राहत नाही. सगळ्यांचा मिळून एक पापुद्रा होतो. रंगाची भुकटी त्या पापुद्र्यात पक्की अडकते. मग वरनं किती पाणी ओता, ते पुन्हा गोळे व्हायचे नाहीत. स्वस्तातल्या रंगात हा माल थोडा आणि भुकटी फार, म्हणून तो बोटाला येतो. चांगल्यात माल भरपूर, म्हणून भिंतीला केसाएवढी चीर पडली तरी पापुद्रा ताणला जातो, फाटत नाही.

“म्हंजी चीक,” सावळाराम म्हणाला.

“काय?”

“रुईचा चीक. पातळ असतोय तवा पाण्यावानी. हातावर वाळला की मंग पाण्यानं धुवून जात न्हाई.”

“बरोबर. चीकच समजा, काका. फक्त हा कारखान्यातला.”

त्या दिवसापासून सावळारामच्या तोंडी चीक हाच शब्द बसला. गिऱ्हाइकाला तो म्हणायचा, “हलका माल घेऊ नगा, त्येच्यात चीक न्हाई.” निघताना स्नेहलनं सगळ्यांना बजावलं होतं. फार पाणी घालू नका, नाहीतर गोळे लांब लांब राहतील, पापुद्रा धरणार नाही. तापलेल्या भिंतीला मारू नका, पाणी आधीच पळेल. ओल्या भिंतीला मारू नका. आणि शेवटचं सांगितलं ते हे:

“पक्क्या भिंतीलाच मारा. भिंत पक्की असली की दहा वर्षं बघायला नको.”

सावळारामनं मान हलवली. कळलं त्याला. कुडाला मारायचा नाही, पक्क्या भिंतीला मारायचा.

बाळाबाईच्या गुडघ्यांनी तेव्हा दगा द्यायला सुरुवात केली होती. नवरा गेलेला, लेक कुमार कात्रजला राहून कंपनीत जाणारा. घरात ती आणि एक म्हैस. भेंड्याच्या भिंतीला दरसाल शेणमातीचा हात द्यावा लागतो, वर चढावं लागतं. पावसाच्या आधी मावळतीच्या अंगाला गवताच्या ताट्या बांधाव्या लागतात, कारण तिकडचा पाऊस वरनं पडत नाही, आडवा येतो. हे सगळं ती एकटी करायची. त्या भाऊबीजेला ती ओवाळायला उठली ती भिंतीला धरून. सावळारामला ते बघवलं नाही.

“आक्का, औंदा साडी न्हाई आणली.”

“मंग हात हलवत आलास व्हय रं, दळभद्र्या?”

“तुजं घर रंगिवतो. असा रंग की तुला पुन्यांदा लिंपाय नगं, का ताट्या बांधाय नगं. बसून ऱ्हायाचं.”

“बसून ऱ्हाऊन काय करू?”

“भिंत बगायची.”

शिमग्याच्या आधी, चांगली कोरडी हवा बघून, त्यानं काम धरलं. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात निगुतीचं काम ते. सुटलेला चुना खरवडला, भिंत झाडली, हाताची पालथी बाजू जागोजाग लावून ओल बघितली. कोरडी होती. मग अस्तराचा हात, मग रंगाचे दोन हात, सकाळच्या सावलीत, मोजकं पाणी घालून. माल दुकानातला सगळ्यात भारी, चीक सगळ्यात जास्त असलेला. रंग बाळाबाईनं निवडला. दुकानाच्या पट्टीवर त्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं. ती म्हणाली, “ह्यो. डाळीचा.”

काम झालं आणि वस्ती बघायला आली. घर असं दिसत होतं की कुणाचं लग्न आहे का म्हणून वाटसरूंनी विचारावं. धनाजीनं तांब्याभर पाणी भिंतीवर फेकलं. पाणी अळूच्या पानावरनं घरंगळावं तसं खाली आलं. त्यानं पुन्हा फेकलं. “म्हातारे, तुज्या भिंतीला आता आंगूळ घाल रोज,” तो म्हणाला. दोन महिन्यांत त्यानं तोच रंग आणून आपल्या भेंड्याच्या घराला स्वतःच्या हातानं फासला.

पहिला पावसाळा गेला तो असा. बाळाबाईनं ताट्या बांधल्या नाहीत. पाऊस भिंतीवर आदळायचा आणि वाहून जायचा. ती फोनवर सांगायची, “आतनं कोरडीठाक हाय रं.” सावळाराम नसरापुरात ज्याला त्याला सांगायचा. त्याच्या हातचं इतकं चांगलं काम त्यानं कधी केलं नव्हतं, आणि ज्या माणसासाठी केलं ते माणूस त्याला आईच्या ठिकाणी होतं. सुख म्हणतात ते हेच असावं असं त्याला वाटलं, असं तो आता सांगतो आणि बाजूला थुंकतो.

पण माती म्हणजे सिमेंट नव्हे. माती पायातनं जमिनीचं पाणी ओढते. वरनं, वानरांनी सरकवलेल्या कौलाखालून, भिंतीच्या डोक्यात पाणी जातं. हे पूर्वीही जात होतं. पण पूर्वी भिंत शेणामातीची होती, आलेलं पाणी पाऊस उघडल्यावर वाऱ्याला देऊन टाकायची. आता तिच्या अंगावर गळ्यापासून टाचेपर्यंत चीक होता. आत गेलेलं बाहेर येईना. एका पावसाळ्याचं पाणी तिनं पोटात ठेवलं. दुसऱ्या पावसाळ्याचं त्यावर घेतलं.

आषाढात बाळाबाईचा फोन आला. “सावळ्या, भिंतीला पोट सुटलंय रं.”

“म्हंजी?”

“खाली जोत्याजवळ. फुगवटा आलाय, कोंबडीच्या अंड्यायेवढा व्हता, आता भाकरीयेवढा झालाय. दाबला की आत पाणी हालतंय.”

सावळाराम हसला होता. हे तो विसरू शकत नाही, की तो हसला होता.

“ह्योच तर त्येचा गुण हाय, आक्का. दुसरा रंग आसता तर फुटला आसता. ह्यो ताणतोय, पर पाण्याला वाट देत न्हाई. दाभण घेऊन वाईच टोच आन् पाणी सोड. काय व्हत न्हाई.”

तिनं टोचलं. गढूळ पाणी आलं, मातीचंच. ती धार बराच वेळ चालली होती. म्हणजे भिंत आतनं कालवून चालली होती. पण रंग वरनं तसाच, चकचकीत, एक रेघ नाही. भेंड्याची भिंत पडायच्या आधी सांगते. चीर देते, माती सांडते, कोपरा सोडते. माणसं बघतात, टेकू लावतात. ह्या भिंतीनं काही सांगितलं नाही. तिला सांगू दिलं नाही.

श्रावणात, भर दुपारी, बाळाबाई हंडा घेऊन नळावर गेली होती. आवाज आला तो तिला वाटलं डोंगरावरनं दरड आली. मागं वळून बघितलं तर मावळतीची भिंत बसली होती. पडली नव्हती, बसली होती, दमलेलं माणूस बसतं तशी. त्या भिंतीच्या आडोशाला म्हैस बांधलेली होती. माणसं धावली, माती उपसली. रंगाची अख्खी चादर तिच्या अंगावर पडलेली, धनाजीला ती हातानं फाडता येईना, शेवटी कोयता आणला. म्हैस तोवर गेली होती.

सावळाराम दुसऱ्या दिवशी पोचला. बाळाबाईनं त्याच्यासाठी चहा केला.

नसरापूरला माघारी आल्यावर त्यानं दुकानदाराकडनं नंबर घेतला आणि स्नेहलला फोन केला. सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

“काका, भिंत कशाची होती?”

“पक्की व्हती. तुमी सांगितल्यावानीच.”

“पक्की म्हणजे सिमेंटचं प्लास्टर?”

“न्हाई. पक्की. भेंड्याची.”

ती हळू म्हणाली, “काका, पक्की म्हणजे सिमेंटची. मातीच्या भिंतीला हा रंग चालतच नाही. जेवढं पाणी तो आत जाऊ देत नाही, तेवढंच बाहेरही येऊ देत नाही. मी... मी तिथं विचारायला पाहिजे होतं.”

“न्हाई पोरी. तू बी मराठीच बोललीस, म्या बी मराठीच ऐकली.”

त्यानं फोन ठेवला. कुणावर चिडायची सोय असती तर बरं झालं असतं. रंग खोटा नव्हता. पोरगी खोटी नव्हती. दुकानदारानं माल बदलला नव्हता. रंगानं जे जे करीन म्हणून सांगितलं होतं ते सगळं केलं होतं.

म्हणून हा वैशाख आणि ही पत्ती. सावळाराम कामं सोडून बहिणीच्या दारात बसला होता. पत्तीनं बघितलं, तारेच्या ब्रशानं बघितलं. जुना ऑइलपेंट काढायचं औषध आणून बघितलं. मातीनं ते पिऊन टाकलं आणि रंग हसत राहिला. वरच्या अंगाला, जिथं भिंत अजून कोरडी होती, तिथं रंग असा बसला होता की खिळ्यानं ओरखडा निघेना. खालच्या अंगाला सहज निघत होता, पण भिंत घेऊन.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर कोंडिबा आला. भेंड्याच्या भिंती घालणारा ह्या खोऱ्यातला हा शेवटचा. येताना पहार घेऊन आला होता. तो रंगाकडं बघतच नव्हता. खाली पडलेल्या मातीच्या ढिगाकडं बघत होता.

“ही सगळी भिंतीची?”

“व्हय,” सावळाराम म्हणाला.

“आन् सोललं किती?”

सावळारामनं दाखवलं. दारालगतची, एका बाजेएवढी जागा. कोंडिबानं भिंतीला कान लावून मुठीनं ठोकलं. सरकून पुन्हा ठोकलं. मग जोत्याजवळ पहार लावली आणि नुसती टेकवल्यासारखी रेटली. पहार कणकेत बोट जावं तशी आत गेली. त्यानं बाहेर काढली. टोक ओलं होतं.

“पेंटर,” कोंडिबा म्हणाला, “खोटं बोलू का खरं?”

“खरं बोला.”

“रंग काढला तर त्येच्यासंगं भिंत चाललीया. ठिवला तर येत्या पावसात बसतीया. म्या नवी भिंत घालीन वो, पर तिला धरायला ह्या तिघी उभ्या ऱ्हायाला पायजेत. ह्या उभ्या न्हाईत. ह्येंच्यावरचा रंग उभा हाय.”

“सुकल की माती. अजून ऊन हाय. म्या रातन् दिस बसतो.”

“कुठनं सुकल? बाहेरनं तुमी कोंडलंय, आतनं बी तुमीच मारलाय न्हवं?”

आतनं त्यानंच मारला होता. बहिणीनं नको म्हटलं असतानाही. उरलेला रंग वाया कशाला घालवायचा म्हणून.

बाळाबाई ओट्यावरनं सगळं ऐकत होती. तिनं चिंचोक्यांचं सूप बाजूला ठेवलं.

“कोंडिबा, ह्या आपून हून पाडायच्या का?”

“पाडा म्हातारे. पावसात कुणाच्या पोराबाळावर पडण्यापरास बरं.”

“बरं,” ती म्हणाली. ज्या सुरात माणूस भाजीवालीला नको म्हणतं त्या सुरात. मग मोबाईल काढून तिनं कुमारला फोन लावला.

कुमार टेम्पो घेऊन आला. सामान फार नव्हतं. पेटी, भांडी, आणि कुमार नको म्हणत असताना तिनं घेतलेलं जातं. सावळाराम एकेक उचलून टेम्पोत ठेवत होता. कुमार मामाशी नीट बोलत होता, फारच नीट, पाहुण्याशी बोलावं तसा. ते सावळारामला जास्त लागलं.

“मामा, तिकडं पाणी चोवीस तास आहे. तिचे गुडघे पण दाखवता येतील,” कुमार म्हणाला.

“चांगलंय,” सावळाराम म्हणाला.

“चांगलं कशाचं?” बाळाबाई म्हणाली. “तिसरा मजला हाय. मला खाली कोण आननार? मेल्यावरच उतरायची म्या.”

कुमारनं टेम्पोचं पुढचं दार उघडलं. ती पुढच्या सीटवर चढायला लागली, पाय उचलेना. सावळारामनं तिला कमरेला धरून वर घातलं. हलकी झाली होती. दार लावायच्या आधी त्यानं दाराची कडी धरून ठेवली.

“आक्का, मला शिव्या तरी दे.”

तिनं त्याच्याकडं बघितलं. “शिव्या दिल्या की तुला बरं वाटंल.”

“वाटंल.”

“म्हणून देत न्हाई.”

रागानं म्हणाली का मायेनं, ते त्याला तेव्हा कळलं नाही आणि अजून कळलेलं नाही. टेम्पो उतरणीला लागला. धूळ बसेपर्यंत तो उभा राहिला. मग धनाजीच्या घराकडं गेला. ते घर त्याच रंगाचं, त्याच मातीचं, उन्हात चकाकत होतं.

“धनाजी, तुज्या भिंतीत पहार घालून बग येकदा.”

“का? माजीला काय झालंय?”

“हिच्यावानीच हाय ती.”

“हिची मावळतीची व्हती. माजं तोंड उगवतीला हाय,” धनाजी म्हणाला. “आन् पेंटर, तुमच्या हातनं काम बिगाडलं म्हणून मालाला कशाला नावं ठिवता?”

सावळारामनं त्याच्या जोत्याजवळ बसून भिंतीला हात लावला. पालथा हात. कोरडी होती. वरनं ती कोरडीच असणार. धनाजीनं त्याला दंडाला धरून उठवलं, उद्धटपणे नाही, म्हाताऱ्याला उठवावं तसं, आणि एसटीची वेळ झाल्याची आठवण करून दिली.

पंधरवड्यानं कोंडिबानं दोन गडी लावून तिन्ही भिंती पाडल्या. कुमारनं मोबाईलवर फोटो पाठवला होता. सावळारामनं तो बघितला नाही, बायकोनं बघितला. जात्याला कात्रजच्या खोलीत जागा झाली नाही, ते जिन्याखाली ठेवलंय, एवढं तिला फोनवर कळलं. बाळाबाई फोनवर येते, बरी आहे म्हणते, आणि पुढं काही बोलत नाही. पूर्वी ती एकदा लागली की फोनची बॅटरी संपायची.

काम मात्र आहे. कामथडीला हायवेच्या अंगाला एक नवा बंगला उठलाय. मालक पुण्याचे, माणूस वाईट नाही. सावळाराम सकाळी लवकर जातो. सिमेंटची भिंत, सहा महिने वाळलेली, त्यानं तरी तीन वेळा विचारून घेतलं. मालक हसले. अस्तराचा हात झालाय, रंगाचा पहिला झालाय, दुसरा राहिलाय. रंग तोच आहे. दुकानात त्याच्याहून चांगला नाही, आणि चांगल्याला वाईट म्हणून त्याच्या पोटाला कोण घालणार?

काल मालक बायकोला घेऊन बघायला आले होते. बाईंनी भिंतीवर हात फिरवला.

“किती गुळगुळीत झालंय! काका, पावसानं जाणार नाही ना?”

“न्हाई.”

“घासून धुतलं तरी?”

“काय केलं तरी निघत न्हाई, बाई.”

“वा,” त्या म्हणाल्या, आणि मालकाला म्हणाल्या, “बघा, मी सांगत होते ना, ह्यांनाच द्या.”

सावळाराम परांचीवरनं उतरला आणि बंगल्याच्या मागं जाऊन पाणी प्याला. खोकला आला तो बराच वेळ थांबेना. मालकांनी लांबनं विचारलं, काका, बरं आहे ना? त्यानं हात वर केला.

आज ऊन मावळतीच्या भिंतीवर यायच्या आत दुसरा हात व्हायला पाहिजे. भिंत तापली की पाणी पळतं आणि रंग धरत नाही. त्यानं डब्याचं झाकण पत्तीनं उचकटलं, माल बादलीत ओतला, मोजून पाणी घातलं आणि काठीनं ढवळायला लागला.